‘जुना राउटर चालत नाही’ हे खोटं आहे

‘चाचा, हा डब्बा भंगारात टाका जी. फायबरवर हा चालत नाही.’

सौंदडच्या आमच्या घरी फायबरची जोडणी करायला आलेला पोरगा शिडीवरून उतरता उतरता हे बोलला. इतक्या सहज बोलला, की आज दिवसभरात हे वाक्य त्याने किमान चार घरांत म्हटलं असावं असं मला वाटलं. टेबलावर माझा जुना राउटर होता. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून इंटरनेट यायचं, त्या काळात मी तो स्वतःच्या पैशाने घेतला होता. दोन अँटेना, मागे चार लॅन पोर्ट आणि टेलिफोनची पिन बसेल असा एक लहान पोर्ट. टेलिफोनची लाईन बंद झाली म्हणून तो कपाटात गेला होता. बिघडला म्हणून नव्हे.

‘काहून चालत नाही?’ मी विचारलं.

‘जुना आहे जी. कंपनीचाच लागते.’

‘कंपनीचा केवढ्याला?’

‘फुकट आहे. फक्त महिन्याचं भाडं बिलात लागून येते.’

फुकट आणि भाडं हे दोन शब्द एकाच वाक्यात इतक्या शांतपणे बोलणारा माणूस मी खूप दिवसांनी पाहिला. पण खरी गंमत पुढेच आहे. हे सांगण्याच्या पाच मिनिटं आधी त्याने भिंतीवर एक लहान पांढरी पेटी बसवली होती, तिच्यातून निघालेली साधी लॅनची तार स्वतःच्या लॅपटॉपला जोडली होती आणि मला मोठ्या अभिमानाने स्पीड दाखवला होता. लॅपटॉप त्याचा, कोणत्या तरी तिसऱ्याच कंपनीचा, किमान सात-आठ वर्षं जुना. म्हणजे त्या तारेला जुना लॅपटॉप चालला. मग जुना राउटर का चालू नये?

मी कंपनीचं नाव लिहीत नाही. माझं भांडण एका कंपनीशी नाही, या वाक्याशी आहे. हे वाक्य बहुतेक वेळा खोटं असतं आणि ते खोटं आपल्याला महाग पडतं. पैशाने पडतंच, पण त्याहून जास्त, आपल्याच घरातल्या वस्तूवरचा आपला हक्क सोडून देण्याची सवय लागते तिने पडतं.

आधी तो डब्बा काय आहे ते पाहू.

आपण ज्याला राउटर म्हणतो, त्या जुन्या डब्यात मुळात तीन यंत्रं असतात. पहिलं मोडेम. टेलिफोनच्या तारेवरून येणारा सिग्नल संगणकाला कळेल असा करणारं. दुसरं खरं राउटर. बाहेरून आलेली एक जोडणी घरातल्या सगळ्या फोन-संगणकांत वाटून देणारं. तिसरं वायफाय. तेच वाटप तारेविना करणारं. फायबर आलं की यातलं फक्त पहिलं यंत्र निरुपयोगी होतं, कारण टेलिफोनची तारच राहिली नाही. दुसरं आणि तिसरं जसंच्या तसं शाबूत असतं.

आमच्या गावच्या माणसांना हे समजावायला सोपं उदाहरण आहे. गोंदियाहून सौंदडवरून नागभीडकडे जाणारी रेल्वे एके काळी छोट्या लाईनची होती. मोठी लाईन आली, तेव्हा छोट्या रुळांची इंजिनं आणि डबे कामाचे राहिले नाहीत. पण म्हणून कोणी म्हटलं का, की आता सौंदड गावही नवीन बसवा, वाटही नवीन काढा, प्रवासीही नवीन आणा? माप बदललं ते रुळांचं. बाकी सगळं तेच राहिलं.

आता भिंतीवरची ती पांढरी पेटी. तिला ओएनटी म्हणतात. काचेच्या तंतूतून येणारा प्रकाश ओळखून त्याचा विजेचा सिग्नल करणं हे तिचं काम. आपल्याकडे घरोघरी येणारं फायबर बहुतेक जीपॉन पद्धतीचं असतं. एकाच तंतूवर आपल्याकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि आपल्याकडून जाणारा १३१० नॅनोमीटरचा. वाटेत खांबावरच्या पेटीत त्या तंतूचे फाटे फुटतात, आणि एकाच मूळ तंतूवर ३२ किंवा ६४ घरं असू शकतात. सगळी घरं एकाच तंतूवर बोलत असल्यामुळे कोणी केव्हा बोलायचं ते कंपनीचं मुख्य यंत्र ठरवतं. एखादी बेशिस्त पेटी मध्येच प्रकाश सोडत बसली, तर सगळ्या गल्लीचं नेट बसू शकतं. म्हणून ओएनटी कोणती लावायची, तिचा क्रमांक आपल्या यंत्रात नोंदवायचा की नाही, यावर कंपनीने हक्क सांगितला तर मला तो मान्य आहे. एवढं कबूल करून मगच मी भांडतो आहे.

पण ओएनटीच्या मागच्या पोर्टातून जी तार बाहेर निघते, ती साधी इथरनेटची तार आहे. तिच्यात काही गुपित नाही. जगातल्या कोणत्याही कारखान्यात बनलेला, लॅन पोर्ट असलेला कोणताही डब्बा तिला जोडता येतो. त्या पोर्टाशी कंपनीचं राज्य संपतं आणि माझं घर सुरू होतं.

त्या रात्री मी माझं घर सुरू केलं. पहिल्या प्रयत्नात जमलं नाही, हेही सांगतो. नाहीतर माझंच ऐकून कोणी तार जोडेल आणि ‘चालत नाही’ म्हणणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसेल.

पहिली चूक. ओएनटीची तार जुन्या राउटरच्या लॅन पोर्टात खुपसली आणि दोन्ही चालू केले. नेट कधी येई, कधी जाई. कारण साधं होतं. ओएनटीचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि जुन्या राउटरचाही तोच. एका घराला दोन घरमालक, आणि दोघेही आलेल्या प्रत्येक पाहुण्याला खोली नेमून देणारे. या खोल्या नेमून देण्याच्या कामाला डीएचसीपी म्हणतात. फोन कधी एकाकडून पत्ता घेई, कधी दुसऱ्याकडून.

दुसरी चूक. कारण कळल्यावर घाईने जुन्या राउटरचं डीएचसीपी आधी बंद केलं. मग त्याचा पत्ता बदलायला गेलो तर तो मला ओळखच देईना, कारण आता लॅपटॉपला पत्ता देणारंच कोणी नव्हतं. शेवटी टाचणी घेतली, मागच्या छिद्रात दहा सेकंद दाबून धरली आणि राउटर कारखान्यातून आला तसा करून घेतला.

तिसऱ्या वेळी क्रम बरोबर लावला. जुना राउटर फक्त लॅपटॉपला जोडला, ओएनटीपासून दूर ठेवला. आत शिरण्याचा पासवर्ड बदलला. वायफायला नवं नाव दिलं, सुरक्षा डब्ल्यूपीए२ वर ठेवली, लांब पासवर्ड दिला, डब्ल्यूपीएस बंद केलं. मग राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ केला. तो परत चालू झाल्यावर नव्या पत्त्यावर जाऊन सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद केलं. त्यानंतर ओएनटीच्या लॅन पोर्टातून तार काढून जुन्या राउटरच्या लॅन पोर्टात लावली. टेलिफोनच्या पोर्टाकडे पाहिलंसुद्धा नाही. फोनवर नेट आलं. मुलाने मागच्या खोलीत जाऊन पाहिलं, तिथेही आलं. खर्च शून्य रुपये आणि एक टाचणी.

हा झाला एक मार्ग. यात वाटपाचं काम ओएनटी करते आणि जुना डब्बा फक्त वायफाय पसरवतो. दुसरा मार्ग असा, की ओएनटीला नुसता पूल करायचा. तंत्रज्ञ त्याला ब्रिज मोड म्हणतात. मग वाटपाचं सगळं काम आपला राउटर करतो. त्यासाठी राउटरला वॅन पोर्ट लागतो. काही जुन्या राउटरांत तो वेगळा नसतो, पण सेटिंगमध्ये जाऊन चौथा लॅन पोर्टच वॅन करून घेता येतो. या मार्गाने जायचं तर कंपनीकडून तीन गोष्टी लागतात: पीपीपीओईचं युजरनेम, त्याचा पासवर्ड आणि व्हीलॅनचा क्रमांक. तीन ओळी. चहाच्या दुकानातल्या पावतीवर मावतील एवढ्या.

त्या तीन ओळी मी मागितल्या. ‘ते कस्टमरला देत नाही जी,’ हे उत्तर मिळालं. फोन लावला, तिथेही तेच. म्हणजे ज्या जोडणीचे पैसे मी भरतो, जी माझ्या नावावर आहे, तिचं नाव आणि किल्ली मला सांगायची नाही. बँकेने पासबुक द्यायचं पण खातेक्रमांक द्यायचा नाही, असा हा प्रकार.

आता कोणी म्हणेल, महिन्याचे शंभर रुपये, त्याचं एवढं काय मनावर घ्यायचं? तर हिशेब मांडू. शंभर रुपये भाडं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८ रुपये. आमच्या मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक काकू आहेत. त्यांच्या मुलीच्या अभ्यासासाठी त्यांनी जोडणी घेतली. त्यांच्याकडेही चालू स्थितीतला राउटर होता, त्यांनाही हेच वाक्य ऐकवलं गेलं आणि त्यांनी तो भंगारवाल्याला देऊन टाकला. दोन वर्षं भाडं भरलं. २,८३२ रुपये झाले. त्या पैशात बाजारातला साधा नवा राउटर येऊन वर पैसे उरले असते. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, जोडणी बंद केली, तेव्हा कंपनीचा माणूस येऊन डब्बा घेऊन गेला. काकूंच्या हातात ना नवा राहिला ना जुना. २,८३२ रुपये म्हणजे त्यांच्यासाठी किती ब्लाउज, हा हिशेब त्यांनी मला करून दाखवला. तो इथे लिहिण्याची मला लाज वाटते.

कंपन्यांच्या बाजूने तीन युक्तिवाद नेहमी केले जातात. ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत, म्हणून एकेक घेतो.

पहिला सुरक्षेचा. जुने राउटर धोक्याचे असतात, हे काही अंशी खरंच आहे. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या कर्नाटकातल्या हजारो ग्राहकांचे मोडेम एका घातक सॉफ्टवेअरच्या हल्ल्याने बंद पडले होते. त्याचं मोठं कारण, मोडेमच्या आत शिरण्याचं नाव ‘अॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अॅडमिन’. कारखान्यातून आला तसाच ठेवलेला. पण या गोष्टीतून काय शिकायचं? दाराला कुलूप लावलं नव्हतं म्हणून चोरी झाली, तर कुलूप लावायचं, की घर पाडून भाड्याच्या घरात राहायला जायचं? पासवर्ड बदलणं, बाहेरून राउटर चालवण्याची सोय बंद ठेवणं, डब्ल्यूपीएस बंद करणं, ही दहा मिनिटांची कामं आहेत. शिवाय मी सांगितलेल्या पहिल्या मार्गात जुना डब्बा थेट इंटरनेटला तोंड देत नाही. तो ओएनटीच्या मागे, घराच्या आत असतो. आणि सुरक्षेचाच विषय निघाला तर हेही बोलू, की कंपनीच्या डब्यात बहुधा टीआर-०६९ नावाची सोय असते. तिने कंपनी तिच्या कार्यालयात बसून माझ्या घरातल्या राउटरची सेटिंग बदलू शकते. दुरुस्तीसाठी ती उपयोगी आहे, मान्य. पण माझ्या घराची एक किल्ली कायम दुसऱ्याकडे असणार असेल, तर ते मला आधी सांगायला हवं की नको?

हेही सांगतो, की काही राउटर खरोखर टाकण्याच्या लायकीचे असतात. ज्याच्यात डब्ल्यूईपीच्या पुढची सुरक्षाच नाही, ज्याचा अॅडॉप्टर फुगला आहे किंवा हात लावला तर चटका देतो, ज्याच्यात पासवर्ड बदलण्याची सोय नाही, तो ठेवू नका. मी जुन्याची पूजा करायला सांगत नाही. तपासून मग ठरवा, एवढंच म्हणतो.

दुसरा युक्तिवाद वेगाचा. जुन्या राउटरचा पोर्ट बहुतेक वेळा १०० एमबीपीएसचा असतो आणि वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं. म्हणजे तुम्ही ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला असेल तर जुना डब्बा तुमचा वेग अडवणार, यात शंका नाही. अशा वेळी नवा घ्या. पण आमच्यासारख्या गावांत किती घरं ३०० चा प्लॅन घेतात? ज्याने ३० किंवा ५० चा घेतला, त्याला १०० चा पोर्ट कुठे नडतो? वायफायवर थोडा वेग कमी मिळेल. पण २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ५ गिगाहर्ट्झपेक्षा जाड भिंतीतून बरं जातं, आणि आमच्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती चांगल्या हातभर जाड आहेत. ज्या प्लॅनला जो डब्बा पुरतो तो सांगणं हे जोडणाऱ्याचं काम. सरसकट ‘चालत नाही’ म्हणणं हा धंदा.

तिसरा युक्तिवाद तक्रारींचा. ग्राहकाचा राउटर बिघडतो आणि शिव्या कंपनीला बसतात. हा त्रास खरा आहे आणि त्यावरचा उपाय फार सोपा आहे. ओएनटीवर दिवे असतात. एलओएसचा दिवा लाल लुकलुकतोय, म्हणजे प्रकाशच पोचत नाही. तंतू तुटला किंवा वाकला. दोष कंपनीच्या बाजूचा. पॉनचा दिवा स्थिर हिरवा आहे, म्हणजे प्रकाश येतोय. मग ओएनटीला थेट लॅपटॉप जोडा. नेट आलं तर दोष माझ्या राउटरचा, मी निस्तरेन. नाही आलं तर तुम्ही या. जोडणी करायला आलेल्या पोराने माझ्यासमोर हीच तर तपासणी केली होती. पाच मिनिटं लागली.

हा बाजू ठरवण्याचा प्रश्न विजेच्या बाबतीत आपण कधीच सोडवला आहे. मीटरपर्यंतची तार वीज कंपनीची, मीटरच्या पुढचं वायरिंग घरमालकाचं. पंखा कोणत्या कंपनीचा लावायचा, तो आजोबांच्या वेळचा आहे की कालचा, हे विचारायला वीज कंपनी घरात येत नाही. ‘जुना पंखा आमच्या विजेवर चालत नाही, आमचा भाड्याने घ्या,’ असं कोणी म्हटलं तर आपण त्याला पाणी पाजून परत पाठवू. गॅसची जोडणी घेताना कित्येक वर्षं एजन्सीवाले शेगडी गळ्यात मारायचे. वयाने मोठ्या वाचकांना आठवेल. शेगडी एजन्सीकडूनच घेतली पाहिजे अशी सक्ती नाही, हे सरकारला आणि तेल कंपन्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. मोबाईलचा नंबर आपला की कंपनीचा, हा वादही होता. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली आणि वाद मिटला. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचं मात्र अजून रडगाणं आहे. कंपनी बदलली की चांगला चालता बॉक्स कपाटात. एकच बॉक्स सगळीकडे चालावा अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली. आपल्या घरांच्या कपाटांत जाऊन बघा, त्या शिफारशीचं काय झालं ते कळेल.

परदेशात हे भांडण आपल्या फार आधी झालं. अमेरिकेत टेक्सासच्या थॉमस कार्टर नावाच्या माणसाने वायरलेस सेट आणि टेलिफोन यांना जोडणारं एक उपकरण बनवलं होतं. टेलिफोन कंपनी म्हणाली, आमच्या लाईनला दुसऱ्याचं काहीही लावायचं नाही. १९६८ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने निर्णय दिला, की जाळ्याला इजा होत नसेल तर ग्राहकाला स्वतःचं उपकरण जोडता येईल. पुढे घरोघरी स्वतःचे टेलिफोन, उत्तर नोंदवणारी यंत्रं आणि मोडेम लावता आले, त्याची वाट या निर्णयाने मोकळी केली. जर्मनीत तर नेमका राउटरवरच कायदा झाला. कंपनीचाच राउटर लावण्याच्या सक्तीला तिथे एक खास शब्दच पडला होता. १ ऑगस्ट २०१६ पासून ती सक्ती संपली. त्या कायद्याने कंपनीला बजावलं, की जोडणीला लागणारं नाव-पासवर्ड ग्राहकाने मागण्याची वाट न बघता, फुकट, आपणहून द्यायचं. माझ्या त्या तीन ओळी. जर्मन माणसाला त्या कायद्याने मिळतात. सौंदडच्या माणसाला ‘देत नाही जी’ मिळतं.

आणि हे फायबर गावात काही आकाशातून पडलेलं नाही. ग्रामपंचायतींपर्यंत ते नेण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळालं. अडीच लाख ग्रामपंचायतींचं लक्ष्य होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपासाठी सुमारे १.३९ लाख कोटी रुपये मंजूर झाले. हा पैसा काकूंच्या शिवणकामाच्या दोऱ्यावरच्या करातूनही गेला आहे. गावाच्या वेशीपर्यंत काच आणायला सगळ्या देशाने पैसे मोजायचे आणि भिंतीपासून टेबलापर्यंतच्या शेवटच्या चार हातांवर मात्र कोणीतरी आपला टोलनाका मांडून बसायचं, हे आम्ही मुकाट्याने का सोसावं?

एक गोष्ट घरातली आहे, तीही सांगतो. आमच्या घरात लहानपणी सगळ्यात जास्त कानावर पडलेला शब्द इस्राफ. उधळपट्टी. वाहत्या नदीच्या काठी बसून वुजू केली तरी पाणी गरजेपेक्षा जास्त सांडू नये, ही शिकवण अम्मी बादलीतल्या पाण्यालाही लावायची आणि ताटातल्या भातालाही. भात पिकवणाऱ्या मुलखात भाताची किंमत कळत नाही, म्हणून अधिकच. चालती वस्तू न तपासता फेकून देणं हा इस्राफ नाही तर काय? त्या डब्यात तांबं आहे, प्लास्टिक आहे, डाखाचं शिसं असू शकतं. भंगारात गेला की कुठे फुटतो, कुठे जळतो, आपण बघायला जात नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये एक संकेतस्थळही काढलं. चांगलं आहे. पण जी वस्तू कचरा झालेलीच नाही, तिला तोंडी कचरा ठरवणारा माणूस दारात उभा असेल, तर नियम काय करतील?

त्या पोराचा मला राग नाही. महिन्याला इतके राउटर भाड्याने लावलेच पाहिजेत, असं त्याच्यावर ओझं असणार. पावसात शिडीवर तोच चढतो. पण त्याच्या तोंडी हे वाक्य ज्यांनी घातलं, त्यांच्याकडे माझ्या चार मागण्या आहेत. एक, जोडणी करताना ग्राहकाकडे आधीचा राउटर आहे का हे विचारा आणि तो समोर जोडून बघा. दोन, युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक आणि ओएनटी कोणत्या मोडवर आहे, हे मराठीत एका कागदावर लिहून द्या. तीन, भाड्याच्या वस्तूला फुकट म्हणू नका, भाडं आधी सांगा आणि नको म्हणायची मुभा द्या. चार, भाड्याची रक्कम राउटरच्या किमतीएवढी झाली की तो ग्राहकाचा करा. यातली एकही मागणी कंपनीला बुडवणारी नाही.

पंधरा दिवसांनी तो पोरगा शेजारच्या घरी जोडणीला आला होता. जाता जाता आमच्या दारात थांबला.

‘चाचा, तो डब्बा चालते का अजून?’

‘ये, बघ.’

त्याने खाली वाकून मागच्या तारा पाहिल्या. टेलिफोनचा पोर्ट रिकामा, लॅनची तार लॅनमध्ये. ‘डीएचसीपी बंद केलं का जी?’ मी मान हलवली. मग त्याने खिशातून फोन काढला आणि मी सांगितलेला क्रम टिपून घेतला. आधी पासवर्ड, मग पत्ता, सगळ्यात शेवटी डीएचसीपी. त्याच्या घरी असाच एक डब्बा पडून आहे म्हणाला.

तुमच्याकडेही असेल. उद्या जोडणीला कोणी आलं आणि तुमच्या राउटरकडे बघून ‘हा चालत नाही’ म्हणालं, तर वाद घालू नका, रागावू नका. त्याला बसवा, पाणी द्या आणि एवढंच विचारा: यातला कोणता भाग चालत नाही? मोडेम, राउटर, की वायफाय? उत्तर मिळेपर्यंत डब्बा हातातून सोडू नका.